जानेवारीतली मुंबई फुल आणि नागपूरचं वर्ष: तयारी कशी बसवता?

अंबाझरीचं कासव

मागे एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की मुंबई मॅरेथॉनसाठी इंटरनेटवर मिळणारा सोळा आठवड्यांचा प्लॅन नागपुरात जसाच्या तसा चालतो का. तिथे विषय बुटांवर घसरला आणि उत्तर राहूनच गेलं. म्हणून हा वेगळा धागा.

आधी माझी पत सांगतो, उगाच गैरसमज नको. पन्नाशी ओलांडलेली, बँकेची नोकरी, फुल मॅरेथॉन पाच तासांच्या अल्याडपल्याड. म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं. १९७८ मध्ये शिवनाथ सिंग जालंधरला हेच ४२.१९५ किलोमीटर २ तास १२ मिनिटांत पळाले होते. त्यांच्यापुढे मी जे करतो त्याला पळणं म्हणायचं की फिरायला जाणं, ते तुम्ही ठरवा. पण जातो आणि धडपणे संपवून येतो, तेवढ्या अधिकारावर लिहितो आहे.

मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. सोळा आठवडे मागे मोजले की सप्टेंबरची अखेर येते. कागदावर सुरेख. पण नागपुरात सप्टेंबर अखेर ते जानेवारी म्हणजे काय काय येतं बघा: नवरात्र, दसरा, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आणि अगदी शर्यतीच्या तोंडावर संक्रांत. रविवारची लांब धाव यातल्या कशाला ना कशाला तरी धडकतेच. त्यामुळे मी सोळा आठवड्यांचा हिशेबच सोडून दिला आहे. माझं पळण्याचं वर्ष मे महिन्यात सुरू होतं. चुकतो आहे असं वाटलं तर सांगा, भांडायला मी तयार आहे.

मे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. या गावात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा उन्हाचं कौतुक कोणाला सांगायचं? पहाटे साडेचारला अंबाझरी तलावावर चाळीस मिनिटं, बस. तेव्हाही तीस अंशांच्या आसपास असतं. घड्याळ घरी ठेवून पळतो. नाकाने श्वास घेत बोलता येईल इतकंच. संध्याकाळी कूलरसमोर पिंडऱ्यांचे आणि मांड्यांचे व्यायाम. या महिन्यात वेग वाढवायच्या भानगडीत पडायचं नाही, फक्त सवय मोडू द्यायची नाही.

पाऊस लागला की खरी मजा. जुलै-ऑगस्टचा दमटपणा लोकांना नकोसा होतो, मला तो सोन्यासारखा वाटतो, कारण वर्षभरात नागपूर मुंबईच्या हवेच्या सगळ्यात जवळ जातं ते याच दोन महिन्यांत. तेव्हाच मी घामाचं मोजमाप करतो. पळण्याआधी वजन, तासभर पळून अंग पुसून पुन्हा वजन. एक किलो कमी झालं तर ढोबळमानाने एक लिटर घाम गेला, मध्ये पाणी प्यालं असेल तर तेही त्यात मिळवायचं. माझा ऑगस्टचा आकडा डिसेंबरच्या जवळपास दुप्पट येतो. आता जो माणूस डिसेंबरातल्या धावांवरून पाण्याचं गणित बसवून मुंबईला जाईल, त्याचं काय होणार हे सांगायला नको.

सप्टेंबर-ऑक्टोबरात चढ. फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्स, वर टीव्ही टॉवर, जपानी गार्डन, खाली, पुन्हा वर. नागपूर सपाट आहे म्हणणाऱ्यांनी ही फेरी सलग करून बघावी. दसऱ्याच्या वेळी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडचे सगळे रस्ते माणसांनी भरलेले असतात, लांबलांबून लोक चालत येतात. त्या दिवशी आमचा गट पळत नाही, पाणी वाटतो.

दिवाळीनंतर थंडी पडली की किलोमीटर वाढवायचे. आणि डिसेंबरात ३० ते ३२ च्या दोन-तीन धावा. नेमकं तेव्हाच अधिवेशन! विधानभवन, रामगिरी, रविभवन, आमदार निवास, म्हणजे आपला सिव्हिल लाइन्सचा सगळा झाडीचा पट्टा बंदोबस्तात जातो. म्हणून लांब धावेसाठी वर्धा रोड. झिरो माइलवरून निघायचं, जामठ्याच्या स्टेडियमपर्यंत जाऊन परत. यात एक सोय अशी की डोक्यावर मेट्रो आहे. परत येताना पाय बोलायला लागले तर खापरीला गाडीत बसायचं आणि सीताबर्डीला उतरायचं. खिशात कार्ड असलं की मनाला धीर असतो.

जानेवारीत फक्त हलकं पळणं आणि संक्रांतीच्या आठवड्यात मानेची काळजी. हे गमतीने लिहीत नाहीये. नायलॉन मांजावर बंदी आहे तरी दरवर्षी कोणाचा तरी गळा कापल्याची बातमी येतेच. त्या चार दिवसांत मी उजेड पडल्यावर पळतो आणि गळ्याला उपरणं गुंडाळतो.

तुम्ही कसं बसवता ते लिहा.

टीव्हीटॉवर

काका, बाकी सगळं मान्य, पण मे महिन्याचं नाही. साडेचारला उठायचं म्हणजे दहाला झोपायचं. नागपुरात मे महिन्यात रात्री दहाला झोपणारा माणूस दाखवा! भिंती बारापर्यंत तापलेल्या असतात. झोप गेली की पळण्याचा फायदाही जातो. मी मे पूर्ण सुट्टी घेतो. पोहतो, जिममध्ये वजनं उचलतो, जूनच्या पहिल्या पावसाला पुन्हा सुरू. मला यंदा चार तासांच्या आत यायचं आहे, म्हणजे ५:४१ चा वेग शेवटपर्यंत. त्यासाठी जूनला ताजे पाय पाहिजेत, थकलेले नकोत.

आणि हो, ४७.९ काय सांगता, २०२४ मध्ये आपण ५६ वर गेलो होतो न!

अंबाझरीचं कासव

तो सेन्सर बिघडला होता म्हणून हवामान खात्याने सांगितलं रे बाबा. मात्र तेवढे दोन दिवस आमच्या बँकेत सगळे फार रुबाबात होते.

सुट्टीचं म्हणशील तर तुझं वय तीस असेल. तू महिनाभर बसलास की पंधरा दिवसांत परत येतोस. आमच्या वयात महिनाभर बसलं की घरचे विचारतात, सुटलं का आता ते पळणं? आणि मग खरंच सुटतं.

खमंग तर्री

मी पळत नाही. फक्त विचारून राहिलो: एवढं पळून झाल्यावर तर्री-पोहे कुठे खाता, ते एकानेही काहून लिहिलं नाही?

ओपीडीनंतर

मी डॉक्टर आहे आणि हौशी पळणारीही. कासवकाकांच्या मांडणीत एक दुरुस्ती हवी.

उन्हाची शरीराला सवय होते हे खरं. रोज तास-दीड तास गरम हवेत हालचाल केली तर दहा ते चौदा दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, तेवढ्याच वेगाला नाडी कमी लागते. पण ही कमाई टिकाऊ नाही. उष्णता थांबली की तीन-चार आठवड्यांत बरीचशी ओसरते. म्हणजे मे महिन्यात सोसलेलं ऊन जानेवारीत मुंबईला कामाला येत नाही, ऑगस्टचा घामही नाही. काकांना मे महिन्याचा फायदा होत असेल तर तो सातत्याचा आहे, उन्हाचा नाही.

दुसरं, हवेचा ओलावा टक्क्यांत बघू नका. नागपूरच्या जानेवारीतल्या पहाटेही आर्द्रतेचा आकडा बराच दिसतो, पण बारा अंशांच्या हवेत मावणारी वाफच मुळात थोडी. हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू असतो, तो बघा. तो जितका वर, तितका घाम अंगावरून उडायला वेळ लागतो, आणि घाम उडाला तरच अंग थंड होतं. ठिबकून खाली पडलेल्या घामाचा काही उपयोग नाही.

मग करायचं काय? शेवटच्या दोन आठवड्यांत, जेव्हा धावा छोट्या आणि हलक्याच असतात, तेव्हा त्या पहाटे सहाऐवजी सकाळी अकराला करा. जानेवारीतही नागपूरची दुपार सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत जाते. वर एक जास्तीचं पूर्ण बाह्यांचं कापड घाला. नोकरीमुळे अकराला जमत नसेल तर पळून आल्याबरोबर चांगल्या गरम पाण्यात अर्धा तास बसा. टब नसेल तर बंद बाथरूममध्ये गरम पाण्याने सावकाश अंघोळ, तेवढी प्रभावी नाही पण काही नाही त्यापेक्षा बरी. पळून झाल्यावर ४० अंशांच्या पाण्यात बसण्याचे प्रयोग झालेले आहेत आणि आठवड्याभरात फरक दिसतो. रक्तदाबाची गोळी सुरू असलेल्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी हे विचारल्याशिवाय करू नये, आणि टबातून उठताना चक्कर येऊ शकते म्हणून घरात कोणी असताना करा.

मे महिन्याबद्दल एवढंच: पळता पळता कोणी असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, तर तो थकलाय असं समजून सावलीत बसवून ठेवू नका. अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला, तिथल्या तिथे थंड करा आणि मगच दवाखान्यात हलवा. उष्माघातात मिनिटं मोजावी लागतात.

अंबाझरीचं कासव

डॉक्टरीणबाई, हे माहीत नव्हतं. म्हणजे माझा ऑगस्ट मला फक्त पाण्याचा हिशेब देतो, अंगाची तयारी नाही. अकराचं जमवण्यासाठी दोन रविवार आणि संक्रांतीला टाकलेली रजा हाताशी आहे, बाकी दिवस बाथरूम.

दमट_दादर

मी मूळचा नागपूरच्या महाल भागातला, गेली पंधरा वर्षं मुंबईत. दरवर्षी नागपूरकडची मंडळी येतात आणि एकच गोष्ट करतात. शर्यत पहाटे पाचच्या सुमाराला सुटते, हवा त्यातल्या त्यात बरी असते, मरीन ड्राइव्हवर वारा असतो, वर घरून थंडीत पळून आल्यामुळे छाती फुगलेली असते. मग पहिले पंधरा किलोमीटर प्रत्येकी वीस-तीस सेकंद जास्त जोरात. सी लिंकवर फोटो. सव्वासातला सूर्य वर येतो. तुमच्यासारख्या पाच तासवाल्यांची अर्धी शर्यत तेव्हा अजून बाकी असते आणि ती सगळी उन्हात.

पेडर रोडचा चढ मी पळालो तेव्हा जातानाही होता आणि परतीलाही, परतीचा पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे. मार्गात बदल होत असतात, तुमच्या वर्षाचा नकाशा नीट बघून घ्या. चढ म्हणून तो काही मोठा नाही, तुमची सेमिनरी हिल्स त्याच्यापेक्षा उभी असेल. पण सेमिनरी हिल्स तुम्ही ताज्या पायांनी चढता. लांब धावेच्या शेवटी चढून बघा.

टीव्हीटॉवर

हे मी गेल्या हिवाळ्यापासून करतो. पंचवीस सपाटीवर आणि मग फुटाळ्याकडून वर तीन फेऱ्या. शिव्या येतात तोंडात, पण काम होतं.

सीताफळ

सगळ्यांचं वाचून राहिले. छान आहे. फक्त एक सांगते, "पहाटे साडेचारला अंबाझरीवर" हे वाक्य लिहायला पुरुषाला किती सोपं जातं!

मी त्रिमूर्तीनगरला राहते. साडेचारला एकटी बाहेर पडले तर माणसांची भीती नंतर, आधी कुत्री. एका गल्लीतली टोळी आपल्या हद्दीपर्यंत सोडायला येते, पुढची टोळी तिथून घेते. पळत राहिलं की जास्त मागे लागतात, थांबून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं की बहुतेक वेळा गप्प होतात. हे शिकायला मला वेळ लागला. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, हळद-मिरची काही लावत बसायचं नाही.

आम्ही चौघीजणी मिळून जातो. साडेपाचच्या आधी नाही. सिव्हिल लाइन्समधल्या वॉकर्स स्ट्रीटवर त्या वेळेला फिरणाऱ्यांची वर्दळ असते, तिथेच पुढे-मागे फेऱ्या. कंटाळवाणं आहे, अठरा किलोमीटर एकाच रस्त्यावर म्हणजे झाडंसुद्धा पाठ होतात. पण घरी सातला कोणाला तरी डबा द्यायचा असतो, त्यामुळे मधल्या वारी पाऊण तास आणि लांब धाव फक्त रविवारी. चार दिवस पळून मी फुल करते. सहा दिवसांचे प्लॅन बायकांसाठी लिहिलेलेच नसतात असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टर ताई, हिमोग्लोबिनबद्दल लिहाल का? मला गेल्या वर्षी दम लागायचा, मी समजायची तयारी कमी पडतेय.

ओपीडीनंतर

जरूर. दम लागणं, नेहमीच्या वेगाला नाडी जास्त धावणं, केस गळणं, माती-खडू खावासा वाटणं, यांतलं काही असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासा. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि शरीरातला लोहाचा साठा मात्र रिकामा असतो, असं पळणाऱ्या बायकांमध्ये पुष्कळदा होतं. पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल तर आधी त्याचा इलाज. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबू किंवा संत्र्याबरोबर घ्या. आपल्या गावात तरी संत्र्याला तोटा नाही.

नवीन_बूट

नमस्कार. मी गडचिरोलीचा, शिकायला नागपूरला आहे. हॉस्टेलच्या पोरांबरोबर दहा किलोमीटरपर्यंत पळतो. मला शाळेत असताना सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं) कार्ड मिळालं आहे, त्यावर एएस लिहिलं आहे. त्रास कधी झाला नाही. पण मित्र म्हणतात तू हाफ मॅरेथॉन पळू नको. खरं आहे का?

ओपीडीनंतर

कार्डाचा उल्लेख केलास ते फार बरं केलंस, हे विदर्भात जास्त लोकांनी विचारायला हवं.

एएस म्हणजे तू वाहक आहेस, आजारी नाहीस. एसएस म्हणजे आजार, त्यांचा विचार वेगळा. वाहक असलेली माणसं पळतात, अगदी वरच्या पातळीवरही खेळतात. धोका असतो तो एका विशिष्ट परिस्थितीत: गरमी, अंगातलं पाणी कमी, आणि सवय नसताना जीव खाऊन मारलेली सलग जोराची धाव. तेव्हा स्नायूंमध्ये तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अडकू शकतात. पोलीस-सैन्य भरतीच्या तयारीत जे एकदम जीव तोडून राउंड मारतात, तिथे याचा विचार आधी करायला हवा.

तू हळूहळू वाढव. आठवड्याला थोडं थोडं. जोराच्या फेऱ्यांच्या मध्ये पुरेसा आराम. मे महिन्यात जोर नाही. ताप, जुलाब असताना पळायचं नाही. आणि पायात, कमरेत एकदम ताकद गेल्यासारखं किंवा दुखल्यासारखं झालं तर "क्रॅम्प आहे, जाईल" म्हणून पुढे जायचं नाही, तिथेच थांबायचं आणि सोबतच्यांना कार्डाबद्दल आधीच सांगून ठेवायचं. हाफच्या आधी एकदा डॉक्टरांना प्रत्यक्ष भेट. ज्यांनी कधी तपासणी केलेली नाही त्यांनी करून घ्या, सरकारी रुग्णालयांत होते.

रिटायर्ड गार्ड

कोणी सिमेंट रोडवर बोलणार आहे की नाही? अख्खं नागपूर सिमेंटचं करून टाकलं. माझे गुडघे पासष्टीतले. डांबरी होता तेव्हा बरं होतं.

टीव्हीटॉवर

आजोबा, सिमेंट डांबरापेक्षा कडक आहे हे खरं, पण आपल्या पायाला त्यातला फरक फार जाणवत नाही. कडक जमिनीवर पाय आपोआप जरा मऊ पडतो, मऊ जमिनीवर ताठ. मला त्रास झाला तो रस्त्याच्या कडेच्या उतारामुळे. नेहमी एकाच बाजूने पळायचो, डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायचं. आता जाताना एका कडेने आणि येताना त्याच कडेने, म्हणजे उतार दोन्ही पायांना सारखा वाटला जातो. सिमेंटचा खरा वैताग म्हणजे कडेचे पेव्हर ब्लॉक. अंधारात एक जरी उचकटलेला असला की घोटा गेला.

रिटायर्ड गार्ड

ते पुस्तकात ठीक आहे. मी मानकापूरच्या ट्रॅकवर जातो, तिथे दुखत नाही, रस्त्यावर दुखतं. माझे गुडघे पुस्तक वाचत नाहीत.

सीताफळ

😄 गार्डकाका, बूट कधी बदलले शेवटचे?

रिटायर्ड गार्ड

तळ अजून शाबूत आहे.

सीताफळ

तळ नाही बघायचा काका, मधला फोम दबतो. पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की जीव जातो त्याचा, वरून नवा दिसला तरी. बर्डीवर जाऊन या एकदा. नवा जोडा आणि जुना जोडा, दोन्ही टेबलावर ठेवून मागून बघा, जुना एका बाजूला कलंडलेला दिसेल.

नवीन_बूट

खाण्याबद्दल कोणी लिहा न. पळताना खायच्या त्या एनर्जी जेलच्या पुड्या फार महाग पडतात.

अंबाझरीचं कासव

हा माझा आवडता विषय. आधी हिशेब. पळताना ढोबळमानाने एका किलोला एका किलोमीटरमागे एक कॅलरी जाते. माझं वजन ६५ धरलं तर फुलला २७०० च्या वर. स्नायू आणि यकृतात मिळून साठवलेली साखर ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे २००० कॅलरीच्या आतबाहेर. चरबी जळते, पण सावकाश. म्हणून तिसाव्या किलोमीटरनंतर गाडी रिझर्व्हवर येते. मधली भर घालायला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात.

एका जेलमध्ये २२ ते २५ ग्रॅम असतात. मध्यम केळ्यात जवळपास तेवढेच. उकडलेला एक मोठा आलू मीठ लावून, तोही तेवढ्यात. खजूर सोपा, बिया आधीच काढून प्लास्टिकच्या पुडीत भरायचा. राजगिऱ्याचा लाडू मी एकदाच नेला, घशात भुसा भरला, पुन्हा नाही. संत्र्याची फोड पळताना स्वर्ग वाटते पण त्यात साखर थोडी, तिच्यावर विसंबून चालणार नाही. काहीही न्या, पण ते आधी तीन-चार लांब धावांत पोटाला दाखवून घ्या.

आदल्या दोन दिवशी भात. आमच्याकडे गोळाभात होतो, पण त्या दिवशी गोळे बाजूला, नुसता भात आणि पातळ वरण, वर साखर-लिंबू पाणी. भाकर, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं शुक्रवारपासून बंद, पोटात चोथा कमी हवा. आणि संक्रांत नुकतीच झालेली असल्यामुळे तिळगूळ घरात असतो, तो गुळासाठी खा, तिळासाठी नको. सावजी शर्यतीनंतर!

ओपीडीनंतर

पाण्याची पुस्ती जोडते. सावकाश पळणाऱ्यांनी प्रत्येक टेबलावर पेलाभर साधं पाणी प्यायलाच पाहिजे असं नाही. पाच तासांत इतकं पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकं दुखणं, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, आणि लोक समजतात पाणी कमी पडलं, आणखी पाजतात. तहानेप्रमाणे प्या. ओआरएस घेणार असाल तर पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलंच घ्या, लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असलेलं. मोठं पाकीट एका लिटरसाठी असतं, ते अर्ध्या बाटलीत ओतू नका. आणि वेदनाशामक गोळी खाऊन सुरुवात करू नका, मूत्रपिंडावर ताण येतो.

खमंग तर्री

पोह्यांचं उत्तर अजून आलं नाही राजेहो.

टीव्हीटॉवर

कस्तुरचंद पार्कजवळ. आठच्या आत या, नंतर तर्री पातळ करतात.

नवीन_बूट

आणि मुंबईला जायचं कसं? म्हणजे पुढच्या वर्षी.

दमट_दादर

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधी स्वतः जाऊन घ्यावा लागतो, ओळखपत्र बरोबर ठेवून. तो मिळतो त्या बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) गर्दी असते, त्यामुळे शनिवारची दुपार टाळा.

अंबाझरीचं कासव

गुरुवारी रात्रीची दुरांतो, शुक्रवारी सकाळी सीएसएमटी. सुटण्याची जागा स्टेशनच्या दारातच, त्यामुळे जवळपास कुठेतरी खोली बघायची, जुलै-ऑगस्टातच. शुक्रवारीच बिब घेऊन टाकायचा. शनिवारी पाय वर करून पडायचं, मुंबई बघायला निघायचं नाही. नातेवाईक बोलावतात, त्यांना सोमवार सांगायचा. परतीचं तिकीट रविवारी रात्रीचं काढत असाल तर खालचा बर्थ घ्या, वरच्या बर्थवर चढता येत नाही हे तिथे गेल्यावर कळतं.

रिटायर्ड गार्ड

खालच्या बर्थचं माझ्या वयाला आपोआप होतं. बूट घेतले. सीताफळताई, जुना जोडा खरंच आतल्या बाजूला कलंडलेला निघाला. पण सिमेंटचं माझं मत तेच आहे.

सीताफळ

राहू द्या काका. रविवारी साडेपाचला वॉकर्स स्ट्रीटवर या, डांबरी बाजू तुम्हाला. आम्ही सोळा करणार आहोत, तुम्ही हवे तेवढे करा. नवीन_बूट, तूही ये, कार्ड खिशात ठेवून.

नवीन_बूट

येतो ताई. हॉस्टेलचं गेट सहाला उघडतं, वॉर्डन साहेबांशी बोलून बघतो.